अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक यांचे चरित्र

ज्येष्ठ महिना लागला की वारकऱ्यांच्या घरी निराळीच धांदल असते. टाळांच्या दोऱ्या बदलायच्या, पताका धुऊन ठेवायची, दिंडीच्या भिशीचे पैसे पोचते करायचे, आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून व अष्टमीला आळंदीहून पालख्या निघायच्या आत पेरणीचे काय ते ठरवायचे. ह्याच सुमारास, बहुधा जूनच्या मध्याला, गावची शाळाही उघडते. पहिलीत नाव घातलेले सहा वर्षांचे पोर नवे दप्तर घेऊन दोन दिवस जाते, आणि तिसऱ्या दिवशी घरची माणसे वाटेला लागली की त्याची शाळा बुडते. कधी ते बरोबर येते, कधी आजीपाशी राहते. आणि आजीला गुडघ्यांमुळे शाळेपर्यंत जाववत नाही. महिन्याने आपण माघारी येतो तेव्हा वर्गातली बाकीची मुले अक्षरे गिरवू लागलेली असतात, आणि आपले पोर दारात अंग चोरून उभे असते. वारी घडली हे खरे. पण पोराची वारी चुकली तिचे काय?

वारी हे आम्ही एक कारण सांगितले. ऊसतोड, कापूस वेचणी, धाकट्या भावंडाची राखण, गुरे, लग्नसराई, जत्रा, अशी कारणे गावोगाव आहेत. शाळा आहे, मास्तर आहेत, पटावर नाव आहे. पण मूल वर्गात नाही. हा रोग आजचा नव्हे. ह्या रोगावर एका बाईंनी जन्मभर औषध शोधले. त्या संत नव्हत्या, कीर्तनकार नव्हत्या, शिक्षिका होत्या. मूल येत नाही तर दोष मुलाचा, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ते का येत नाही हे पाहावयास त्या त्याच्या दारापर्यंत चालत गेल्या, आणि शेवटी शाळाच उचलून त्याच्या अंगणात नेली. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांचे चरित्र आम्ही येथे आमच्या साध्या बोलीत सांगतो. श्रोतेजनांनी अवधान द्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर, मातोश्री उमाबाई. घराणे प्रार्थनासमाजाचे. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या ह्या समाजाने आपल्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांस मानाचे स्थान दिले, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशा घरात मुलीला शिकवावे की न शिकवावे हा वाद उरला नव्हता. ज्या काळी आठ-नऊ वर्षांच्या मुली सासरी धाडल्या जात, त्या काळी केळकरांची तारा शाळेत जात होती. पुढे १९१४ साली ती मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ताराबाई बुद्धिमान होत्या ह्यात संशय नाही. परंतु तितक्याच बुद्धिमान कितीतरी मुली त्या काळी चुलीपुढे राहिल्या. फरक पडला तो घरामुळे. आईबापांनी ठरवले म्हणून मुलगी शिकली. पुढे हाच धडा ताराबाईंना उलट्या बाजूने पाहावा लागणार होता. आईबापांनी ठरवले नाही, किंवा त्यांना ठरवण्याची सवडच मिळाली नाही, तर काय होते, हे त्यांनी बोर्डीच्या किनाऱ्यावर पाहिले. ते पुढे येईलच.

अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे वेगळे झाले. पदरी लहानगी मुलगी, आणि त्या काळचा समाज नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बाईकडे कसा पाहत असे हे सांगावयास नको. रडत बसायला कारण पुष्कळ होते. पण त्या उठल्या आणि राजकोटला गेल्या. तेथे बार्टन ट्रेनिंग कॉलेज नावाची स्त्रीशिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या त्या प्रमुख झाल्या. जागा मानाची होती, पगार चांगला होता. कोणी म्हणेल, आता ह्या बाईंनी सुखाने राहावे. परंतु ज्याला एखाद्या गोष्टीचा ध्यास लागतो त्याला सुखाची खुर्ची टोचू लागते.

त्याच वेळी भावनगरास गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा ह्याला कसे वाढवावे असा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि त्या एका प्रश्नापायी वकिली सुटली. बाप आपल्या लेकराचा विचार करू लागला आणि त्यातून हजारो लेकरांचे कल्याण झाले, असे हे उदाहरण आहे. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाईंच्या हाताखाली कामाला लागल्या.

भावनगरच्या बालमंदिरामागे दूरदेशीच्या एका विदुषीचा विचार होता. इटली देशातील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. ते कोठे उघडले? मजुरांच्या चाळीतच! आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यांतून हुंदडत आणि भिंती खराब करीत. म्हणून त्याच इमारतीत मुलांसाठी खोली मिळाली. आणि त्या बालगृहाचे नियम पाहा. फी काही नाही. पण आयांनी मुलांना नेमल्या वेळी, धुतल्या अंगाने व स्वच्छ कपड्यांत पाठवावे, शिक्षिकेचा मान राखावा, आणि आठवड्यातून निदान एकदा येऊन मुलाविषयी तिच्याशी बोलावे. म्हणजे शाळा घराच्या पोटात, आणि आई शाळेच्या कामात. पुष्कळ लोकांनी मॉन्टेसरीबाईंची लाकडी खेळणी तेवढी घेतली आणि हा नियम विसरून टाकला. ताराबाई विसरल्या नाहीत.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाची शिक्षणपत्रिका निघू लागली. तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंकडे होते. हे मासिक नुसते मास्तरांसाठी नव्हते, आईबापांसाठीही होते. मुलाला मारू नये, भिववू नये, लाच देऊ नये. त्याच्या हट्टामागे काय आहे ते पाहावे. त्याच्या हातांना काम द्यावे. असे विषय घेऊन ताराबाई वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. बालकांचा हट्ट, बिचारी बालके ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. पुस्तक उघडण्याआधी बाई कोणाच्या बाजूने उभ्या आहेत ते कळते.

आता ह्याचा आणि शाळेत जाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आपल्या घरांतून मूल रडू लागले, जेवेनासे झाले, की त्याला मास्तरांकडे देण्याची धमकी घालतात. पोर चार वर्षांचे होईतो त्याने शंभर वेळा ऐकलेले असते की शाळा म्हणजे शिक्षेची जागा. मग सहाव्या वर्षी त्याला हाताला धरून त्याच जागी नेले आणि ते उंबऱ्यावर बसून भोकाड पसरू लागले, तर नवल काय? शाळेची भीती शाळेत उगवत नाही. ती घरी पेरली जाते आणि शाळेत कापणीला येते. म्हणून ज्याला मुलांना शाळेची गोडी लावायची आहे त्याने आधी आईबापांशी बोलले पाहिजे, हे सूत्र ताराबाईंनी भावनगरात असतानाच पक्के केले.

पुढे त्या मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. लहान मुलांची शाळा आणि बालशिक्षिकांचे शिक्षण अशी दोन्ही कामे तेथे चालली. पांढरपेशा घरांतली मुले नटूनथटून येत. आया आवर्जून चौकशीला येत. संस्था नावारूपास आली. १९३९ साली गिजुभाई निवर्तले, आणि बालशिक्षणाचा मोठा भार ताराबाईंवर आला.

वय पन्नाशीकडे झुकलेले, नाव झालेले, हाताखाली तयार माणसे. अशा वेळी बहुतेक लोक हारतुरे घेतात. पण ताराबाईंच्या मनाला एक रुखरुख लागून राहिली होती. दादरच्या ज्या मुलांना आपण शिकवतो ती आपण नसतो तरी शिकलीच असती. ज्यांचे आईबाप पहाटे मजुरीला जातात, ज्यांच्या घरी पाटी नाही, त्यांच्यासाठी ह्या विद्येचा काय उपयोग? बालशिक्षण ही श्रीमंतांची हौस होऊन राहू नये, ते खेड्यात गेले पाहिजे, अल्प खर्चात झाले पाहिजे, असा विचार गांधीजींच्या कार्यामुळे त्या काळी प्रबळ झाला होता. तो ताराबाईंना पटला, आणि पटला म्हणून त्या गेल्या. पटणे आणि जाणे ह्यांत केवढे अंतर असते ते आम्हां कीर्तनकारांना विचारा! आमची कथा पटते हजारांना, उठून चालू लागतो एखादाच.

१९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव; तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे, कोळ्यांची घरे. आणि गावापासून थोडे दूर, डोंगराच्या अंगाने वारली आदिवासींचे पाडे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांना एक साथीदार भेटली होती, ती ह्या कामी बरोबर आली. ती म्हणजे अनुताई वाघ. १९१० साली मोरगावास जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. पुढे त्या जिद्दीने शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. ह्या दोघींनी मिळून जो प्रपंच मांडला त्यात हजारो लेकरे नांदली.

बालवाडी उघडली. जागा झाडून ठेवली, खेळ मांडले, आणि वाट पाहिली. जी मुले आली ती बऱ्या घरची. ज्यांच्यासाठी मुंबई सोडली होती ती आलीच नाहीत. अस्पृश्य मानलेल्या समाजाची वस्ती होती, मजुरांची घरे होती. तेथली पोरे धुळीत खेळताना दिसत, बालवाडीच्या दाराशी मात्र येत नसत.

येथे दोन वाटा होत्या. एक वाट सोपी: हे लोक अडाणी आहेत, ह्यांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणावे, वहीत गैरहजेरी मांडावी आणि मोकळे व्हावे. ही वाट त्या काळीही पुष्कळांनी धरली होती, आजही धरतात. ताराबाईंनी दुसरी वाट धरली. त्यांनी पायात चपला घातल्या आणि त्या वस्तीत गेल्या.

तेथे त्यांना काय दिसले? आई सकाळीच कामावर गेलेली. मुलाला हाक मारून उठवणारे, हात धरून नेणारे घरी कोणी नाही. मुलाच्या अंगावर खरूज, डोके उवांनी भरलेले, अंगात सदरा नाही. अशा स्थितीत चांगल्या कपड्यांतल्या मुलांशेजारी जाऊन बसायची त्याला लाज वाटते, आणि त्याच्या आईलाही वाटते. पोटात अन्न नाही. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले, त्यांना बालवाडीच्या पायरीवर कोणी थांबवणार नाही, हा विश्वास एका निमंत्रणाने कसा यावा? मूल येत नव्हते ते आळसाने नव्हे. मधली वाट तुटलेली होती.

मूल वाट ओलांडून येऊ शकत नाही, तर आपण ओलांडू, असे ताराबाईंनी ठरवले. मग बालवाडी त्या वस्तीतच भरू लागली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, सडा घालायचा, तेथेच मुले गोळा करायची. आधी त्यांना न्हाऊमाखू घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, खरजेला औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघत. आज एक पाणी आणून देई, उद्या दुसरी अंगण सारवून ठेवी, परवा तिसरी आपल्या पोराला आधीच धुऊन पुसून तयार ठेवी. उपदेश एका शब्दाचा नाही. आपल्या लेकराला कोणी मायेने हात लावते आहे, आणि ते हसते आहे, हे आईने आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्या पाहण्यानेच काम केले. अंगणात भरते ती अंगणवाडी, असे तिला साधे नाव मिळाले.

दुसरा प्रश्न साधनांचा. मॉन्टेसरीबाईंची साधने महाग. ताराबाई आणि अनुताई समुद्रावर गेल्या, रानात गेल्या, आणि साधने वेचून आणली. शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने, बिया, काड्या, माती. चिंचोक्यांनी मोजणी, पानांनी आकार, शिंपल्यांनी लहानमोठे. ह्यात पैसा वाचला ही गोष्ट झालीच; पण अधिक मोठी गोष्ट अशी की जे मुलाच्या ओळखीचे तेच शाळेत दिसले, म्हणून शाळा परकी वाटली नाही. आणि आईलाही कळले की आपल्या दारात पडलेल्या चिंचोक्यांनी पोर शिकते. त्यासाठी आपण श्रीमंत असावे लागत नाही.

१९५६-५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता काम थेट वारल्यांच्या पाड्यांत आले. येथे गाठ आणखी अवघड होती. पाडे विखुरलेले, लोक भूमिहीन किंवा थोड्या जमिनीचे, गवत कापणी, भातलावणी, वाडीतली मजुरी, असे काम असेल तिकडे सगळे घर जायचे. मुलांची बोली वारली, पुस्तकाची भाषा वेगळी. आणि सात-आठ वर्षांचे मूल हे तेथे मूल नव्हतेच. ते घरातले कामाचे माणूस होते. मुलगी धाकट्यांना सांभाळी, मुलगा गुरे राखी. त्याला शाळेत पाठवा म्हणणे म्हणजे आईबापांना एक मजूर कमी करा म्हणणे. बापाने नाही म्हटले तर तो वैरी होता काय? नव्हे. त्याने हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात शाळेच्या बाजूला काहीच जमा नव्हते.

ताराबाईंनी तो हिशेबच बदलला. कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका ठिकाणी, एकाच वेळी. ताईने धाकट्याला कडेवर घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात ठेवावे, चार वर्षांचे बालवाडीत सोडावे, आणि आपण वर्गात जाऊन बसावे. दुपारी तिघेही मिळून घरी. वरवर पाहता किती साधी तोड! पण ह्या एका तोडीने मुलीच्या मार्गातली सर्वांत मोठी धोंड दूर झाली, आणि तीही आईवर काही भार न टाकता. मुलगी शाळेत आली म्हणून आईचा रोज बुडाला नाही. उलट तान्ह्याची काळजी मिटली. मग आई स्वतःच पोरांना सकाळी हुसकून लावू लागणार नाही तर काय!

राहिला गुराखी. तो शाळेत येऊ शकत नव्हता, कारण गुरे शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळा कुरणावर गेली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि शिक्षक पाटी-पुस्तकांची पिशवी घेऊन त्यांच्यात बसला आहे, अशी ती कुरणशाळा. गाय लांब गेली की विद्यार्थी उठून तिला वळवून आणी आणि पुन्हा बसे. धड्यात खंड पडे, पण धडा चाले. गोपाळांच्या मेळ्यात रमणारा देव आम्ही काल्याच्या कीर्तनात नित्य सांगतो. गोपाळांच्या मेळ्यात पाटी घेऊन बसणारा गुरू कोसबाडच्या कुरणावर पाहावयास मिळाला, हे आम्हांस फार गोड वाटते.

वाचकहो, ह्या साऱ्या प्रयोगांत एक सूत्र ओवलेले आहे. ताराबाईंनी आईबापांना कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्यांची अडचण काय, हे आधी पाहिले. त्या अडचणीतले जे शाळेला उचलता येईल ते शाळेने उचलले. आणि मग उरलेले, म्हणजे मुलाला उठवणे, धुणे, वेळेवर धाडणे, आल्यावर चौकशी करणे, हे आईबापांकडे मागितले. आधी दिले, मग मागितले. म्हणून मिळाले.

ताराबाई १९४६ ते १९५१ ह्या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुढचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या अंतापर्यंत कोसबाडच्या टेकडीवरून चालविले.

ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने सहा वर्षांखालील मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ३३ प्रकल्प होते. योजनेतल्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. तमिळ बोलणारी आई, पंजाबी बोलणारी आई, आसामी बोलणारी आई, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द आहे. बोर्डीच्या एका सारवलेल्या अंगणातून तो निघाला, हे त्यांतल्या कितीकांना माहीत असेल?

आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे. त्याच कायद्यात सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे चारांतले तीन भाग सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, आणि सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. ताराबाईंनी आयांना दारातून अंगणात आणले. कायद्याने त्यांना शाळेच्या बैठकीत जागा दिली. पण आम्ही गावोगाव कीर्तनाला जातो, मुक्काम पुष्कळदा शाळेतच असतो, तेव्हा सहज चौकशी करतो. समितीत नाव असलेल्या बाईंना विचारावे, बैठकीला जाता का? त्या हसतात आणि यजमानांकडे बोट दाखवतात. सही घरपोच होते. मग समिती असून काय उपयोग? टाळ खुंटीला टांगून ठेवल्याने भजन होत नाही.

आणि आपल्या वारीचे काय? वारी सोडा, असे आम्ही सांगणार नाही. तसे सांगण्याचा आमच्या जिभेला अधिकार नाही आणि मनाला इच्छा नाही. पण ताराबाईंनी जे केले ते आपल्यालाही करता येते. घरात लहान शाळकरी मूल असेल तर प्रस्थानाच्या आठ दिवस आधी शाळेत जाऊन बाईंना किंवा गुरुजींना भेटावे. आपण अमुक दिवस बाहेर आहोत, मागे मुलाची जबाबदारी अमक्याची, हे सांगून त्या माणसाची गाठ घालून द्यावी. ज्या वाडीतून पंधरा माणसे वारीला जातात तेथे मागे राहणारी पन्नास असतात; त्यांतल्या दोघांनी रोज सकाळी फिरून त्या पंधरा घरांतली मुले गोळा करून शाळेत सोडावीत. दिंडीला चोपदार असतो, तसा मागे राहिलेल्या लेकरांनाही एक चोपदार नेमावा. मूल रडते म्हणून बरोबर घेऊ नये, आणि घेतलेच तर पाटी-पुस्तक पडशीत असावे, मुक्कामाला घटकाभर ते उघडावे. परत आल्यावर घरी हातपाय धुण्याआधी नव्हे, पण दुसऱ्या दिवशी तरी नक्की, मुलाला घेऊन शाळेत जावे आणि मागे काय शिकवले ते विचारावे. ह्यात पैसा लागत नाही. लागते ती फक्त आठवण.

ज्यांना ऊसतोडीला जावे लागते त्यांची गोष्ट अधिक कठीण, हे आम्ही जाणतो. कोयता घेतलेल्या जोडप्याला मुलाची हजेरी विचारणे सोपे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड. त्यांच्यासाठी साखरशाळांचे, हंगामी वसतिगृहांचे प्रयत्न झाले, होत आहेत. कोठे चालतात, कोठे चालत नाहीत. पण गाव सोडताना मुलाला आजोळी, चुलत्याकडे, शेजारी ठेवता येईल का, हा विचार एकट्या आईबापांनी का करावा? गावाने का करू नये? सप्ताहाच्या महाप्रसादाला आपण हजार पाने उठवतो. त्याच गावात दिवाळीनंतर दहा पोरे शाळेतून नाहीशी होतात, आणि त्यांना चार महिने दोन वेळा जेवू घालण्याची पंगत आपल्याला मांडता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

आणि सर्वांत सोपी गोष्ट शेवटी सांगतो. ज्या माउलीला अक्षर येत नाही तिनेही संध्याकाळी पोराला जवळ बसवून आज काय झाले एवढे विचारावे. वहीत काय आहे ते तिला कळले नाही तरी चालेल. ते वाचून दाखवायला सांगावे आणि ऐकावे. आपले बोलणे कोणी मन लावून ऐकते आहे हे कळले की पोर दुसऱ्या दिवशी सांगण्याजोगे काही गोळा करण्यासाठी तरी शाळेत जाते. श्रोता बसला की वक्त्याला स्फुरण चढते, हा अनुभव आम्ही चाळीस वर्षे घेत आहो. लेकरालाही श्रोता लागतो. त्याचा पहिला श्रोता आई, दुसरा बाप.

ताराबाईंनी कोसबाडच्या टेकडीवर जे उभे केले त्याला मोठा पैसा नव्हता, मोठी इमारत नव्हती. सकाळी उठून पाड्यावर जायचे, झोपडीपुढे उभे राहून मुलाला नावाने हाक मारायची, आणि ते बाहेर येईतो थांबायचे. वर्षानुवर्षे रोज. ती हाक आपल्याही गावात प्रत्येक दारापुढे कोणी तरी घालावी, आणि आतून आईबापांनी ओ द्यावी, एवढीच विनंती करून आम्ही ही चरित्रसेवा येथे पुरी करतो.